माया

रुवीत, घड्याळाच्या दुकानामागच्या गल्लीत आमचं दुकान.
पुढे नवरा मर्दानी शिवतो,
पडद्यामागे मी.
वहीत चारशे बायका आहेत माझ्या:
छाती, कंबर, मुंढा, गळा पुढचा, गळा मागचा.
चेहरे विसरते, मापं नाही.

ऋजुता देवस्थळे, दहावी,
मंडळाच्या नाचासाठी जरीचा ब्लाऊज.
मोबाईल माझ्या नाकाशी धरला,
"मावशी, अस्सा. अगदी असाच बसायला हवा."
स्क्रीनवर एक मुलगी,
कंबर असावी तिथे नुसतं वळण,
आणि मागे दाराची चौकट,
तिच्या कमरेपाशी किंचित आत वाकलेली.
तीस वर्षं खडूनं सरळ रेघ मारतेय,
वाकडी चौकट मला झोपेतही दिसेल.
म्हटलं, "अगं, हिच्याबरोबर हिची भिंतसुद्धा बारीक झाली."
ती हसली नाही.

बाहेर त्रेचाळीस, आणि हिच्या अंगात स्वेटर.
तो काढायला लावला.
दंडावर बारीक लव, पिलाच्या अंगावर असते तशी.
टेप फिरवली,
टेपच मला जास्त लांब वाटली.
"जेवत नाहीस?"
"रोजे धरलेत, मैत्रिणींसोबत."
"मग सहेरीला काय खाल्लंस?"
ती पुतळ्याकडे बघत राहिली.

एवढ्यात मगरिबची बांग झाली.
मी खजूर फोडला, लबनचा घोट घेतला,
दिवसभराची जीभ ओली झाली.
एक खजूर तिच्या तळहातावर ठेवला.
तो तिनं फिरवला, फिरवला, मुठीत घेतला,
आणि शुक्रिया म्हणाली, अगदी नीट.
दुसऱ्या दिवशी झाडताना
पुतळ्याच्या पायाखाली सापडला,
मुंग्या लागलेला.

मी तिथेच बसले, झाडू हातात.
माझ्या भुकेला बांग आहे.
हिच्या भुकेला कुणी बांग दिलेली नाही.

आई आली ट्रायलच्या वेळी.
"कसली शेलाटी झालीय ना?
भिशीतल्या बायका विचारतात, काय देतेस तिला?"
मी वही पुढे सरकवली,
मागच्या वर्षीच्या आकड्याखाली
ह्या वर्षीचा आकडा,
आणि त्यावर माझं बोट.
तिनं बराच वेळ बघितलं.
"टेप नवीन आहे का तुमची?"

टेप जुनीच आहे, ताई.
हे मी बोलले नाही. गिऱ्हाईक आहे.
पण मुलीला हाताला धरून नेलं काचेपाशी,
शोकेसमधल्या पुतळ्याच्या पाठीमागे,
जिथून रस्ता बघत नाही.
अकरा टाचण्या, दोन चिमटे,
आणि गोळा करून कोंबलेलं कापड.
"बघ," म्हटलं, "हा प्लॅस्टिकचा.
ह्यालासुद्धा बसत नाही काही."
तिनं एका टाचणीला बोट लावलं.
बस्स, एवढंच.
डोळ्यांत काही चमकलं बिमकलं नाही.

रात्री ब्लाऊज कापायला घेतला.
शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात
त्याला आम्ही माया म्हणतो.
खेडला, पायमशीनवर, अम्मीनं शिकवलेला शब्द:
वाढत्या अंगाला मायेशिवाय शिवू नये.
मापाप्रमाणे शिवला, घट्ट, तिला हवा तसा.
आणि आत, दोन्ही कुशींना,
दोन दोन बोटं माया ठेवली.
अस्तराखाली दाबली. कुणाला दिसत नाही.

ईदनंतर कळलं, गुब्र्याच्या हॉस्पिटलात आहे.
नाच झाला, तिच्याशिवाय.
ब्लाऊज खिळ्यावरच होता, पावतीसकट,
एसीच्या वाऱ्यात हलायचा.
मी पुढेमागे काढून ठेवला नाही.

थंडी पडल्यावर आली.
गालांवर अजून नाही काही.
आरशाकडे पाठ करून उभी राहिली,
म्हणाली, "मावशी, आकडा मोठ्यानं सांगू नका."
नाही सांगितला.
वहीतही नाही लिहिला,
चारशे बायकांत तेवढीच एक रिकामी ओळ.
ब्लाऊज उलटा केला, ब्लेडनं टाका धरला,
हळूहळू, जर न दुखावता,
एक बोट उसवलं.

एक बोट अजून आहे.